खाद्यमहोत्सवाचा बुफे: कुठल्या प्रांताचं काय, कधी आणि किती वाढून घ्यावं

पाटावरवंटा

मोठ्या हॉटेलांत हल्ली सतत कुठला ना कुठला प्रांतीय खाद्यमहोत्सव चालू असतो. कधी काश्मिरी वाझवान (मटणाची मेजवानी), कधी चेट्टिनाड, कधी बंगाली, तर कधी सगळे प्रांत एकाच दालनात. पन्नास-साठ पदार्थ मांडलेले असतात आणि बहुतेक लोक सॅलड, पनीर, नान आणि गुलाबजाम खाऊन बाहेर पडतात. एवढे पैसे मोजून ज्यासाठी गेलो तेच राहून जाऊ नये, म्हणून हा धागा. ज्यांना एखाद्या प्रांताचं जेवण नीट ठाऊक आहे त्यांनी भर घालावी.

सुरुवात भांड्यापासून करतो, कारण सगळं तिथेच ठरतं. चेफिंग डिशमध्ये खाली पाणी, पाण्याखाली जेलचा डबा किंवा विजेची कॉइल, वर पदार्थाचं पसरट भांडं आणि त्यावर झाकण असतं. अन्न सुरक्षित राहायला ते ६० अंश सेल्सियसच्या वर ठेवावं लागतं. म्हणजे पदार्थ तिथे नुसता गरम राहत नाही, अगदी मंद आचेवर शिजतच राहतो. शिवाय झाकणाला धरलेली वाफ पाणी होऊन परत त्याच्यावरच पडते. त्यामुळे तळलेलं सादळतं, रोटी वातड होते, मासा कोरडा पडतो, नारळाचं दूध फाटतं आणि कोथिंबीर-कढीलिंब काळा पडतो. झाकण उघडं राहिलं तर उलट होतं: रस आटतो आणि मीठ-तिखट चढतं.

पण हेच तास-दीड तास मंद आचेवर राहणं काही पदार्थांना मानवतं. म्हणून बुफेत पदार्थांचे दोनच गट धरावेत, थांबणारे आणि न थांबणारे.

थांबणारे: हलीम, निहारी, लाल मांस, कोशा मांशो (बंगाली मटण), सोरपोतेल (गोव्याचं डुकराचं मांस), विंदालू, धनसाक (पारशी डाळ-मटण), केर-सांगरी (राजस्थानी भाजी), बगारा बैंगन, तोणक आणि खतखतं (गोव्याच्या भाज्या). यांत एकतर हाडाचं-चिकट मांस असतं, नाहीतर डाळ-कडधान्य, चिंच, व्हिनेगर, भाजलेलं वाटण. मुरतील तसे हे चांगले लागतात.

न थांबणारे: अप्पम, डोसा, लुची (मैद्याची पुरी), वडे, भाकरी, थालीपीठ, बाटी, गलौटी (मऊ खिम्याचे कबाब), तबक माझ (तळलेल्या बरगड्या), बेगुन भाजा (वांग्याचे तळलेले काप), मोयली (नारळाच्या दुधातला मासा), पांढरा रस्सा, उकडीचे मोदक. हे तव्यावरून, कढईतून किंवा मोदकपात्रातून थेट ताटलीत यायला हवेत. भांड्यात रचून ठेवलेले दिसले तर सोडून द्यावेत; चव बघण्यात अर्थ नाही, कारण ती त्या पदार्थाची चव नसतेच.

आता प्रमाण. साधारण माणसाचं पोट एका जेवणात पाचशे-सहाशे ग्रॅममध्ये भरतं. एका पदार्थाचे दोन मोठे चमचे म्हणजे अंदाजे ३० ग्रॅम. म्हणजे पंधरा पदार्थ नुसते चाखले तरी ४५० ग्रॅम झाले. वाटीभर भात आणि एक नान पहिल्याच फेरीत घेतला की निम्मी जागा गेली. म्हणून पहिल्या फेरीत भात-रोटी नको, दोन-दोन चमचेच घ्यावेत आणि आवडलं ते दुसऱ्या फेरीत भाताबरोबर खावं.

चुलीपाशी

नेमकं मांडलंत. भांड्याबद्दल थोडी भर. पूर्ण मापाचं, ६५ मिलिमीटर खोलीचं भांडं काठोकाठ भरलं तर सुमारे नऊ लिटर मावतं. गर्दी कमी असेल तर तेवढा रस्सा संपायला दोन तास लागतात. चांगली स्वयंपाकघरं अर्धंच भांडं भरतात आणि वारंवार बदलतात. भांडं किती वेळचं आहे ते बघूनच कळतं. रस्सा जिथपर्यंत होता तिथे काठाला वाळलेली रेघ धरलेली असेल, वर साय किंवा तेलाचं वेगळं वर्तुळ आलं असेल, तर ते जुनं. अशा वेळी काउंटरवरच्या माणसाला "नवीन भांडं कधी येतंय?" एवढंच विचारावं. बहुतेक ठिकाणी पाच-दहा मिनिटांत आणून देतात.

वाढून घेताना डाव तळापर्यंत न्यावा. वरून घेतलं की तवंगच येतो, तुकडे आणि मसाला खाली राहतो. मात्र माशाच्या भांड्यात ढवळू नका. पसरट उलथणं तुकड्याखाली सरकवून उचला, रस वेगळा घ्या. एकाने ढवळलं की पुढच्या सगळ्यांना भगराच मिळतो.

आणि वेळ. दार उघडल्यापासूनचा पहिला पाऊण तास सगळ्यात चांगला. शेवटच्या पाऊण तासात भांडी बदलत नाहीत, नुसती एकमेकांत ओततात.

कढीलिंब

दोन प्रश्न. सात-आठ प्रांत एकत्र असतील तर कुठून सुरुवात करावी? आणि शाकाहारी माणसाने अशा महोत्सवाला जाण्यात अर्थ आहे का?

पाटावरवंटा

पहिल्याचं उत्तर: न थांबणारे आधी. लाइव्ह काउंटरसमोर रांग लागायच्या आत तिथलं एकेक घ्यायचं, मग शांतपणे भांड्यांकडे वळायचं.

सरसोबाटा

> न थांबणारे आधी.

मिश्र महोत्सवाला हे चालेल, पण एकाच प्रांताचा महोत्सव असेल तर पटत नाही. तिथे त्या प्रांताचा जेवणाचा क्रम पाळावा, कारण पदार्थ त्या क्रमासाठीच बेतलेले असतात.

बंगाली जेवण कडूने सुरू होतं. आधी शुक्तो, मग डाळ आणि भाजा, मग भाज्या, मग मासा, मग मांस, त्यानंतर गोड-आंबट चाटनी आणि पापड, शेवटी मिष्टी. शुक्तोमध्ये कारलं, कच्चं केळं, शेवग्याची शेंग, वांगं, रताळं, डाळीच्या वड्या असतात. वास राधुनी या बंगाली मसाल्याचा आणि शेवटी थोडं दूध. कोशा मांशो खाल्ल्यावर शुक्तो खाल्लात तर पाणचट वाटणारच. भात घेऊन आधी तोच खाल्ला तर कारल्याचा कडवटपणा जीभ स्वच्छ करतो आणि पुढचं सगळं उठून लागतं.

आसामचं तसंच. सुरुवात खारने. केळीच्या साली वाळवून, जाळून, राखेतून गाळलेलं ते क्षारयुक्त पाणी कच्च्या पपईत किंवा डाळीत घालतात. शेवट टेंगाने, म्हणजे आंबट माशाच्या रस्स्याने. उलटं खाल्लं तर खार साबणासारखा लागतो आणि लोक त्याला नावं ठेवतात.

मोहरीच्या माशाबद्दलही सांगते. शोर्षे इलिश म्हणजे मोहरीतला हिलसा मासा; त्याचं वाटण करताना मोहरी भिजवून हिरवी मिरची आणि मीठ घालून वाटतात. फार वेळ वाटली, यंत्र गरम झालं, की कडू होते. आणि मोहरीचा नाकात जाणारा झणका उडून जाणारा असतो. भांड्यात तासभर राहिली की झणका जातो आणि कडूपणा तेवढा उरतो. म्हणून शोर्षेचं भांडं नवीन आलं तरच घ्या. नाहीतर त्याऐवजी पातुरी घ्या. तेच मोहरीचं वाटण, पण केळीच्या पानात बांधलेलं. पानामुळे वाफेचं पाणी आत शिरत नाही आणि वासही बाहेर पडत नाही. पारशी काउंटरवरच्या पात्रानी मच्छीलाही हेच लागू. बुफेत मासा खायचा तर पानात बांधलेला, हे लक्षात ठेवावं.

इलिशच्या काट्यांची भीती असेल तर 'पेटी' मागा, म्हणजे पोटाकडचा तुकडा. चरबी जास्त आणि बारीक काटे कमी. पाठीकडच्या 'गादा'मध्ये केसासारखे काटे असतात, लहान मुलांना तो देऊ नये.

पाटावरवंटा

क्रमाचा मुद्दा मान्य. मग एकाच प्रांताचा महोत्सव असेल तर क्रम पाळायचा आणि त्या क्रमात जिथे न थांबणारा पदार्थ येतो तो तेवढ्यापुरता ताजा मागवायचा. लुची टेबलावर आणून द्यायला कुणी नाही म्हणत नाही.

मीठभाकर

@कढीलिंब, शाकाहारी माणसाने जरूर जावं, फक्त पनीरकडे पाठ फिरवून. मागण्यासारखे पदार्थ सांगतो. बंगालचं निरामिष: मोचार घोंटो म्हणजे केळफुलाची भाजी, आलू पोस्तो म्हणजे खसखशीतला बटाटा, धोकार डालना म्हणजे हरभराडाळीच्या वड्यांचा रस्सा. यांत कांदा-लसूण नसतो. काश्मिरी पंडितांची नद्रू यखनी (कमळकाकडी दह्यात), हाक (काश्मिरी पालेभाजी), दम आलू. यांतही कांदा-लसूण नाही, हिंग, बडीशेप आणि सुंठ यांच्यावर सगळं उभं असतं. राजस्थानची केर-सांगरी, गट्टे. केरळची अवियल, ओलन, काळन. गोव्याचं खतखतं आणि तोणक. हिवाळ्यात उंधियो.

दम आलूची खूण: अख्खे छोटे बटाटे काडीने टोचून तळलेले असतात आणि रस आतपर्यंत मुरलेला असतो. फोडून बघा, मधोमध पांढरा कोरडा गोळा असेल तर नुसते उकडून रश्श्यात टाकलेत.

सावध कुठे राहावं? बंगाली मुगाच्या डाळीत माशाचं डोकं असू शकतं, दुधीच्या भाजीत कोळंबी. हैदराबादी दालचा नावाने डाळ असली तरी त्यात बहुधा मटण असतं. नागा चटण्यांत सुका मासा असतो. पाटीवरच्या हिरव्या ठिपक्यावर न थांबता काउंटरवर उभ्या असलेल्या आचाऱ्याला विचारा. आणि पळी! शेजारच्या भांड्यातली पळी इकडची तिकडे होते. काटेकोर शाकाहारी असाल तर दार उघडताच पहिल्यांदा वाढून घेणं हाच उपाय.

केशरकाडी

वाझवानबद्दल सविस्तर लिहिते, कारण बुफेत सगळ्यात जास्त अन्याय त्याच्यावर होतो.

मुळात वाझवान बुफेचं जेवणच नाही. चार जण एका त्रामीभोवती (मोठ्या सामाईक ताटाभोवती) बसतात, आधी तश्त-नारी (हात धुवायचं भांडं) फिरवून हात धुतले जातात, भाताच्या ढिगावर तबक माझ, कबाब वगैरे मांडलेले येतात आणि मग वाझा (आचारी) एकेक रस्सा येऊन वाढत जातो. गुश्ताबा शेवटी. तो आला म्हणजे जेवण संपलं. काही हॉटेलांत महोत्सवात चार जणांसाठी त्रामी मांडून देतात, बहुतेक वेळा आदल्या दिवशी सांगावं लागतं. ती सोय असेल तर बुफे सोडा आणि तीच घ्या.

बुफेतच खायचं तर क्रम तोच ठेवा. तबक माझ म्हणजे बरगडीचे तुकडे, आधी दूध-मसाल्याच्या पाण्यात शिजवून मग तुपात तळलेले. वरून कुरकुरीत, आतून मऊ. भांड्यात दहा मिनिटं राहिले की कातडं चामट होतं, म्हणून तव्यावरचेच घ्या.

रिस्ता आणि गुश्ताबा ही स्वयंपाकघराची परीक्षा. ताजं मांस, चरबी आणि मीठ दगडावर लाकडी मोगरीने कुटत राहतात आणि शिरा-पापुद्रे वेचून काढतात. कुटल्याने मांस चिकट होऊन एकजीव होतं, म्हणून गोळा लवचिक राहतो. खिमा यंत्रात काढला की धागे तुटतात, तो चिकटपणा येत नाही आणि गोळा रवाळ होतो. चमच्याने कापून बघा. कड गुळगुळीत आली आणि दाबल्यावर गोळा परत फुगला तर कुटलेलं. भुगा पडला तर यंत्राचं. रिस्ता लाल रस्स्यात असतो, गुश्ताबा दह्याच्या पांढऱ्या रस्स्यात आणि आकाराने मोठा.

रोगन जोशमध्ये टोमॅटो नसतो, कांद्याची ग्रेव्ही नसते. रंग काश्मिरी मिरचीचा आणि मावल म्हणजे कोंबड्याच्या फुलाचा किंवा रतनजोत या मुळीचा. रस पातळ, वर लाल तूप किंवा तेल तरंगतं. टोमॅटोची सालं दिसली तर तो पंजाबी मटण रस्सा आहे, नाव काहीही लिहिलेलं असो. यखनीत हळद आणि लाल मिरची दोन्ही नाहीत, ती पांढरीच हवी.

हे सगळं साध्या भाताबरोबर खायचं. नानाबरोबर यखनीचा पातळ रस उचलताच येत नाही.

खमंग

बिर्याणीवर कुणी लिहिलं नाही म्हणून.

हैदराबादी कच्च्या गोश्तच्या बिर्याणीत दही-मसाला-पपई लावलेलं कच्चं मटण तळाशी, त्यावर साधारण ७० टक्के शिजलेला तांदूळ, कणकेने तोंड बंद, मग दम. तांदूळ त्याहून जास्त शिजलेला टाकला तर मटण शिजेपर्यंत त्याचा गिचका होतो. कमी शिजलेला टाकला तर वरची शितं कडक राहतात. मटणाला पाणी जास्त सुटलं तर खालचा थर खिचडी होतो. म्हणून हंडी फोडताना समोर असणं महत्त्वाचं. हॉटेलात बऱ्याचदा हंडी आत फोडून, वरखाली करून पसरट भांड्यात ओततात आणि थर तिथेच संपतात. विचारा: "हंडी बाहेर आणता का?" महोत्सवात तरी बहुतेक वेळा एक हंडी काउंटरवर असते.

वाढून घेताना पसरट झारा काठाशी उभा तळापर्यंत घालायचा आणि सरळ वर उचलायचा. ताटलीत तीन रंग यायला हवेत: पांढरी शितं, केशराची, मसाल्याची. सगळा भात एकसारखा पिवळा असेल तर रंग घातलाय किंवा ढवळलाय. मिरची का सालन वाटीत बाजूला घ्या. भातावर ओतलंत की शेंगदाणा-तिळाची चव दमाच्या वासाला झाकून टाकते.

दुसरी खूण तांदळाची. मलबारी बिर्याणी कैमा तांदळाची, आंबूर-दिंडिगुलची सीरग सांबाची; दोन्ही बारीक, छोट्या दाण्याचे. एकाच दालनात मांडलेल्या चारही बिर्याण्या लांब बासमतीच्या असतील तर आचारी एकच आहे आणि मसाला तेवढा बदललाय, असं खुशाल समजा. कोलकात्याच्या बिर्याणीत मात्र बासमती चालतो, तिथे बटाटा शोधायचा. तो अख्खा किंवा अर्धा असतो आणि आतपर्यंत मसाला प्यालेला असतो.

हलीम निर्धास्त घ्या. गहू, डाळी आणि मांस घोटलेलं असल्याने भांड्यात बिघडायला काही नसतंच. हैदराबादी हलीमला २०१० साली भौगोलिक मानांकन मिळालं. फक्त वरचा तळलेला कांदा, पुदिना आणि लिंबू वेगळे मागून घ्या, भांड्यावर पसरलेला कांदा मऊ पडलेला असतो.

गलौटीचंही सांगतो. रान म्हणजे मांडीच्या मांसाचा अगदी बारीक खिमा, कच्च्या पपईचा गर आणि भाजलेल्या चण्याचं पीठ. पपईचं काम आचेवर जाईपर्यंत चालूच राहतं, त्यामुळे दुपारी लावलेला खिमा रात्री उशिरा अगदी लगदा होतो आणि त्याला पपईचा कडवट वास येतो. लवकर खा, तव्यावरून खा, एकच घ्या.

कढीलिंब

केरळबद्दल कुणी सांगेल का? साद्याच्या (तिथल्या मेजवानीच्या) नावाखाली इडली-सांबार मांडलेलं असतं.

नारळीपाकळी

इडली-सांबार दिसलं की तो 'दक्षिण भारतीय' काउंटर आहे, केरळचा नाही. साद्या केळीच्या पानावर असते, पानाचं निमुळतं टोक जेवणाऱ्याच्या डावीकडे. वर मीठ, उप्पेरी (केळ्याचे काप), गुळाची शर्करा वरट्टी, लोणची, इंजी पुळी (आलं-चिंचेची चटणी). भातावर आधी परिप्पु (डाळ) आणि तूप, मग सांबार, मग रसम, पुलिशेरी (दह्याची कढी), पायसम (खीर). शेवटी ताक-भात खाल्ला की पोटाला आराम पडतो.

अवियल ओळखायची खूण सोपी. तिला मोहरीची फोडणी नसते. भाज्या बोटाएवढ्या उभ्या चिरलेल्या, वाटण खोबरं-जिरं-हिरवी मिरचीचं जाडसर, आणि आच बंद करताना कच्चं खोबरेल आणि कढीलिंब. भांड्यात तासभर राहिली की भाज्यांचा लगदा होतो आणि खोबरेलाचा वास उडतो. भांडं नवीन आल्या आल्या घ्या.

मोयलीत मासा नारळाच्या पातळ दुधात शिजवतात आणि जाड दूध शेवटी घालून लगेच उतरवतात. भांड्यात कडेला जास्त आच लागते, दूध फाटतं, वर तेल आणि खाली दाणे दिसतात. तसं दिसलं तर घेऊ नका. त्याऐवजी कुडमपुळी घातलेली लाल मीन करी घ्या. कुडमपुळी ही आपल्या कोकमाच्याच कुळातली, पण काळी, धुरावर वाळवलेली, चवीला जास्त खोल. ही करी दुसऱ्या दिवशी जास्त चांगली लागते, त्यामुळे भांड्यात तिचं काही बिघडत नाही. मासा मात्र सुरमईसारखा घट्ट हवा.

अप्पमला आयुष्य तीन मिनिटांचं. कडेची जाळी कुरकुरीत असतानाच खायचं. एकावर एक रचलेले अप्पम म्हणजे भिजलेला टीपकागद.

दगडफूल

चेट्टिनाडच्या काउंटरवर मराठी माणसाला ओळखीचा वास येतो तो कल्पासीचा, म्हणजे आपलं दगडफूल. गोड्या मसाल्यात, चेट्टिनाड मसाल्यात आणि हैदराबादी पोटलीत (मसाल्याच्या पुरचुंडीत) ते समान आहे. गंमत म्हणजे त्यांच्याकडे 'मराठी मोक्कू' नावाचाही मसाला आहे, सावरीच्या जातीच्या झाडाची सुकी कळी. नावात मराठी असली तरी आपल्या मसाल्यात ती नसते. आपलं नागकेशर वेगळं.

चेट्टिनाड कोंबडीचा मसाला त्याच दिवशी भाजून वाटलेला हवा. मिरी, बडीशेप, चक्रीफूल वेगवेगळे लागले पाहिजेत. नुसतं तिखट लागलं आणि घशाला जळजळ झाली तर मिरीऐवजी मिरचीपूड वाढवलीय. सुका 'वरुवल' प्रकार भांड्यात आणखी सुकतो, तेव्हा रस्सा असलेलाच घ्या.

चुलीपाशी

महाराष्ट्राच्या काउंटरबद्दल बोलायलाच हवं, कारण तिथे चुका झाल्या की आपल्याला कळतात आणि तरी आपण गप्प बसतो.

'कोल्हापुरी' म्हणजे तिखट आणि 'मालवणी' म्हणजे नारळ, एवढ्यावर सगळं भागवलं जातं. तांबडा रस्सा भांड्यात टिकतो, पांढरा टिकत नाही. पांढरा म्हणजे मटणाचं सूप (अळणी), त्यात खसखस-काजूचं वाटण आणि शेवटी नारळाचं दूध. दूध घातल्यावर उकळी येऊ द्यायची नसते. बुफेत तो फाटून चोथा-पाणी झालेला असतो. तांबडा आणि पांढरा मातीच्या कुल्लडात लहान पातेल्यातून वाढून द्या, असं हॉटेलला लेखी अभिप्रायात कळवा. ते ऐकतात.

खानदेशी भरीत: जळगावच्या भरिताच्या वांग्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. हिरवट-पांढरं, मोठं, बिया कमी. काड्यांवर भाजतात, हिरवी मिरची आणि लसूण ठेचून, कांद्याची पात, शेंगदाणे. टोमॅटो आणि गरम मसाला घातला की ते पंजाबी भरता झालं. जोडीला कळण्याची भाकरी मागा. शेवभाजीत शेव ताटलीतच घालायची असते. रश्श्यात आधीच घातली असेल तर घेऊ नका.

कोंबडी-वड्यांत वडे कढईतलेच. पुरणपोळी तव्यावरची, वर तूप, लगेच. थप्पी लावलेली पोळी घाम येऊन चिकट होते आणि कडा वातड.

तिरफळ घातलेला बांगडा दिसला तर आवर्जून घ्या. पण तिरफळं वाटलेली नसावीत. बिया काढून, नुसती ठेचून, शेवटी घातलेली हवीत. फार उकळली तर रस कडू होतो. आणि तिरफळ कोंबडीत दिसलं तर आचारी कोकणातला नाही.

दर्यावर्दी

गोव्याची भर: विंदालूत बटाटा नसतो. नावातलं 'आलू' हिंदीतलं नाही, पोर्तुगीजमधल्या 'आल्यो'चं म्हणजे लसणीचं आहे. माडाचं व्हिनेगर आणि लसूण हे त्याचे दोन खांब. सोरपोतेल केल्यावर दोन-तीन दिवसांनी चढतं, तेव्हा बुफेत ते बिनधास्त घ्या, सान्नांबरोबर (इडलीसारख्या वाफवलेल्या पदार्थाबरोबर).

सोलकढी मात्र बर्फातच ठेवलेली हवी. नारळाचं दूध उन्हाळ्यात बाहेर तीन-चार तासांत आंबतं आणि कोकमाच्या आंबटपणामुळे ते पटकन कळत नाही. जग हाताला थंड लागला नाही तर सोडून द्या.

नळपाक

सुरक्षिततेचं आणखी. झाकण उचलल्यावर वाफ आली नाही तर पदार्थ सोडा. खालच्या जेलचा डबा विझलेला असतो किंवा पाणी संपलेलं असतं. सगळ्यात दुर्लक्षित असतो तो कोमट भात. शिजवताना न मरणारे जिवाणूंचे बीजाणू कोमट भातात वाढतात आणि त्यांनी सोडलेलं विष परत गरम करूनही जात नाही. दह्याचे पदार्थ आणि चिरलेली फळं ५ अंशांच्या आसपास, म्हणजे बर्फावर हवीत. शेंगदाणा, तीळ, काजू किंवा मोहरीची ॲलर्जी असेल तर बंगाली, हैदराबादी आणि अवधी रस्से विचारल्याशिवाय घेऊ नका. वाटणात ते दिसत नाहीत.

हिशेबी

बिलाबद्दल. जाहिरातीत "₹२,००० ++" लिहिलेलं असतं. पहिला प्लस कराचा, दुसरा बहुधा सेवाशुल्काचा. खोलीभाडं ₹७,५०० च्या वर असलेल्या हॉटेलच्या उपाहारगृहात जीएसटी १८ टक्के, एरवी ५ टक्के. म्हणजे ₹२,००० चे ₹२,३६०. १० टक्के सेवाशुल्क लावलं तर आधी ₹२,२०० आणि त्यावर कर, एकूण ₹२,५९६. माणशी ₹२३६ चा फरक.

सेवाशुल्क आपोआप बिलात जोडता येत नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये तशा मार्गदर्शक सूचना काढल्या आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने त्या वैध ठरवल्या. काढून टाकायला शांतपणे सांगा. ऐकलं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५.

फोन करताना चार गोष्टी विचारा: सगळं धरून माणशी किती, आजचा मेनू काय (तो रोज बदलतो), बाहेरून आलेले आचारी कुठल्या तारखेपर्यंत आहेत, लाइव्ह काउंटर कुठले. तिसरा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. दहा दिवसांच्या महोत्सवात पाहुणे आचारी कधीकधी पहिले पाच-सहा दिवसच असतात. दुसरा-तिसरा दिवस उत्तम, तोवर स्वयंपाकघराचा हात बसलेला असतो.

सरसोबाटा

वर धनसाकचा उल्लेख आलाय. पारशी 'लग्नाचं जेवण' अशी जाहिरात असेल आणि त्यात धनसाक असेल तर ती चूक आहे. धनसाक शुभप्रसंगी करत नाहीत. घरात मृत्यू झाल्यावर चौथ्या दिवशी करतात, एरवी रविवारचं जेवण. लग्नाला पात्रानी मच्छी, साली मरघी, पुलाव-डाळ आणि लगन-नु-कस्टर्ड.

पाटावरवंटा

हे माहीत नव्हतं, धन्यवाद. पहिल्या यादीत तो 'थांबणारा' म्हणून लिहिलाय, तेवढ्यापुरतं ठीक आहे.

कढीलिंब

गोडाचं राहिलंच. दहा-बारा गोड पदार्थांतून निवडायचं कसं?

सरसोबाटा

ऋतू बघून. नोलेन गूर, म्हणजे खजुरीच्या ताज्या रसाचा गूळ, हिवाळ्यातच मिळतो. जून महिन्यात 'ताज्या नोलेन गुराचा संदेश' अशी पाटी दिसली तर तो साठवलेला गूळ किंवा अर्क. मिष्टी दोई (गोड दही) मोठ्या वाडग्यातून काढलेली नको, चमचा लागताच तिला पाणी सुटतं. छोटी मातीची भांडी आत शीतकपाटात असतात, न फोडलेलं एक मागून घ्या.

नारळीपाकळी

अडा प्रधमन (गूळ आणि नारळाच्या दुधाची खीर) भांड्यात घट्ट होत जातं, कारण त्यातला अडा, म्हणजे तांदळाच्या पापड्या, रस पीत राहतो. पळी उभी राहील इतकं घट्ट दिसलं तर काउंटरवर गरम नारळाचं दूध मागा आणि वाटीतच दोन चमचे घालून सैल करा. साधं दूध घालू नका, गुळामुळे फाटू शकतं.